सहा पाकळ्यांचं रबरी चाक

तोलेगेन मामांना भाची आइगानिमचा वाकून सलाम.

जनावरं सुखरूप, माणसं सुखरूप? तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींच्या डोळ्यातलं पाणी थांबलं का? इकडे सगळे बरे आहेत. एसेनला चार महिने पूर्ण झाले, मान धरतो, माझे केस धरतो, सोडत नाही. सासूबाईंचा आवाज दोन घरं पलीकडे ऐकू जातो, म्हणजे त्याही बऱ्या आहेत. माझं लिहिणं कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, सातवीतून शाळा सुटली, तेव्हा चुकलेलं असेल ते बरोबर करून वाचा. सकाळपासून लिहायला बसलेय. कुआनिश पहाटे समुद्रावर गेला आणि त्याच्या इंजिनात जे चाक फिरतंय ते मी बसवलंय. हे त्याला माहीत नाही. बिघडलं तर नवरा वाऱ्यावर, आणि ते माझ्या हातांनी. म्हणून लिहितेय, नुसतं बसून राहवत नाही.

आधी माफी मागते. मंगळवारी मी तुमच्या शहरात आले आणि तुमच्या घरी न येता परत गेले. तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलंच असेल की तुमची भाची बाजारात एका खांद्यावर पोर आणि दुसऱ्या खांद्यावर लोखंडाचा पाय घेऊन फिरत होती. खरं आहे. पण तुमच्या घरी आले असते तर मांस शिजेपर्यंत तुम्ही सोडलं नसतं, आणि ज्या पावाच्या गाडीने मी आले ती चार वाजता परत निघते. शिवाय ते इंजिन तुम्हीच लग्नात दिलेलं. त्याची काय दशा केली ते तुमच्या तोंडासमोर कसं सांगणार? कागदावर सांगणं सोपं, कागद भुवया चढवत नाही.

सगळं सुरू झालं एसेनच्या पाळण्याच्या जेवणात. (तुम्ही आला नव्हता, गुडघे.) पाहुणे जेवून अंगणात आले आणि कोणीतरी म्हणालं, ‘‘कुआनिश, मामाने दिलेलं इंजिन नुसतं शोभेला ठेवलंय का रे?’’ झालं. तो आधीच फुगलेला, मुलाचा बाप. इंजिन लाकडी घोडीवर टांगलेलं होतं, तिथेच दोरी ओढून चालू केलं. पाण्याबाहेर, कोरडं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बाळ रडलं, धूर झाला, आणि माझ्या नाकात जळक्या गालोशांचा, रबरी बुटांचा, वास आला. मी म्हटलं, ‘‘अहो, काहीतरी जळतंय.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘बाळंतिणीला सगळंच जळकं लागतं.’’ तिथे गप्प बसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तो नावेने गेला आणि संध्याकाळी उंटावर बसून आला. अर्ध्या वाटेत इंजिन तापून किंचाळलं आणि बंद पडलं. वाऱ्याने नाव खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्याला नेऊन लावली, तिथल्या एका उंटवाल्याने याला इंजिनासकट घरी आणून सोडलं. वारा उलटा असता तर, मामा? मी विचारलं नाही, पण रात्रभर तेच विचारत होते. सासूबाईंनी मात्र दारातूनच ऐकवलं, ‘‘तुझा बाप नाव घेऊन जायचा नि मासे घेऊन यायचा. तू नाव घेऊन जातोस नि उंट घेऊन येतोस. तोसुद्धा दुसऱ्याचा!’’

मग त्याने इंजिनाचा पाय सोडवला (इंजिनाचा खालचा, पाण्यात बुडणारा भाग, त्याला हे लोक पाय म्हणतात) आणि आतलं काढून माझ्या हातावर ठेवलं. मामा, तोपर्यंत मला वाटायचं की इंजिन म्हणजे सगळं लोखंड, आग आणि शिव्या. पण आत एक रबराचं चाक निघालं, माझ्या तळहातापेक्षा लहान, त्याला सहा पाकळ्या. बाजारात त्याला इम्पेलर म्हणतात. ते एका वाकड्या वाटीत फिरतं, वाटीची एक बाजू पाकळ्यांना दाबते, दुसरी सोडते, पाकळ्या वाकतात आणि उलगडतात, आणि त्या वाकण्या-उलगडण्यातून समुद्र वर चढतो! सगळ्या लोखंडाभोवती फिरून त्याला गार करतो आणि मागच्या भोकातून बारीक धार होऊन बाहेर पडतो. (कोळी म्हणतात, इंजिन शू करतंय. शू चालू तर इंजिन जिवंत. मला लगेच पटलं. एसेनचं मीही तेच बघते.) पाणी हेच त्या रबराचं तेल. पाण्यावाचून मिनिटभर फिरलं की स्वतःच्याच घासण्याने जळतं. आमच्या चाकाच्या तीन पाकळ्या गायब होत्या. एवढ्याशा रबरावर माझं घर तरंगत होतं आणि मला पत्ता नव्हता. मी ते चाक किती वेळ धरून बसले होते कोण जाणे, चहा उकळून गेला.

कुआनिशने नवं चाक आणलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, नवी वस्तू कोरडी वापरायची नाही. मेंढीच्या शेपटीची चरबी घेतली आणि पाकळी न् पाकळी माखली. (त्याच चरबीने त्यांनी एसेनला पहिल्या दिवशी माखलं होतं, आणि तो फुगला नाही, हे त्यांचं म्हणणं.) तीन दिवस चाक बशीत. चौथ्या दिवशी ते मांस भरून वाफवलेल्या मँटीसारखं टम्म, वाटीत शिरेना. कुआनिशने ते बाजूला ठेवलं. आईला काय बोलणार? तो मला म्हणाला, ‘‘मी तोवर शेजाऱ्याच्या नावेवर कामाला जातो. तू पाय घेऊन शहरात त्या झुमागाली मिस्त्रीकडे जा, त्याच्याकडूनच बसवून आण.’’

गेले. मिस्त्रीचं दार बंद. भावकीतलं लग्न, तीन दिवस येणार नाही. मग बाजारात सुट्या भागांच्या दुकानात शिरले. जुनं चाक फडक्यात बांधून आणलं होतं, मापाला. गाठोडं सोडलं तर ते एसेनचं निघालं. दुकानदाराने नाक धरलं. ‘‘बाई, हे आम्ही दुरुस्त करत नाही.’’ मी दुसरं गाठोडं सोडलं. त्याने दोन चाकं पुढे टाकली. ‘‘दोन्ही एकच. नवऱ्याला पाठव, त्याला कळेल.’’ दिसायला दोन्ही एकच, पण मी पाकळी वाकवून धरली, दहा आकडे मोजले आणि सोडली. एक तशीच वाकडी राहिली, मुळाशी पांढरी रेघ उमटली. वर्षानुवर्षं फळीवर वाळलेली. दुसरी टुणकन सरळ झाली. मी म्हटलं, ‘‘बाळाच्या बाटलीचं रबरी बोंड मी असंच बघून घेते.’’ मधलं भोक, खाच, उंची, सगळं जुन्याशी लावून पाहिलं. तो म्हणाला, ‘‘कोळ्याने बायको आणली की बायकोने कोळी?’’

बसवलं घरीच, गोठ्यात. मागच्या वर्षी कुआनिशने पाय सोडवला होता (चाकापर्यंत गेला नव्हता) तेव्हा मला सातवा महिना होता, बोल्ट माझ्या मांडीत ठेवायचा, म्हणून क्रम लक्षात होता. चरबी नाही, साबणाचं पाणी. दांडा ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला फिरवत वाटी खाली दाबायची, म्हणजे सहाही पाकळ्या एकाच दिशेला झोपतात. पण त्याआधी हिशोब बसेना. तुटलेल्या तीन पाकळ्यांपैकी दोन वाटीत सापडल्या. तिसरी कुठे? आत कुठे अडकून राहिली तर नवं चाक असूनही पाणी चढणार नाही. सगळं झटकलं, सुई घातली. शेवटी पाणी चढायच्या नळीला तोंड लावलं आणि एसेनचं नाक चोंदल्यावर करते तसं ओढलं. आली. जिभेवर आली, मामा. खारट, वाळूची, जळकी. मी थुंकले आणि गोठ्यात एकटीच रडले. भीतीने की आनंदाने ते गाईला विचारा.

पाय इंजिनाला जोडला, पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवला आणि दोरी ओढली. धार आली. बारीक, सरळ, चमकणारी. मी त्या धारेखाली हात धरून उभी राहिले. गाय पाणी प्यायची थांबून बघत होती. कुआनिशला म्हटलं, झालं. कोणी केलं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि आज तो एकटा गेलाय.

सगळ्यांना सलाम. मामींच्या हाताला माझा हात.

तुमची भाची,
आइगानिम

ता.क. आला! आवाज आधी ऐकला, मग एसेनला घेऊन पळाले. लांबूनच मागची धार दिसली, उन्हात. आता खरं काम लिहिते. तो फार खूश आहे. म्हणतो, ‘‘त्या मिस्त्रीच्या हाताला सोनं लावलंय, असं मऊ इंजिन कधी चाललं नव्हतं.’’ सगळ्यात मोठा साझान मासा त्याने मिस्त्रीसाठी बाजूला काढलाय, उद्या स्वतः घेऊन येणार आहे. मामा, भाचीने तीनदा मागितलेलं मामाने नाकारायचं नाही ही आपली रीत. एकदा वासरू मागितलं, एकदा हे इंजिन. तिसरं आज मागते. पत्र पहाटे पावाच्या गाडीवाल्याकडे देते, मिळताच मिस्त्रीकडे जा आणि सांगा, मासा घे, मान हलव, तोंड उघडू नकोस.

ता.क. दोन. जाऊ नका. पत्राला गोंद लावताना मी सांगून टाकलं. तो मासा पोत्यात बांधत होता, मला बघवेना. त्याने पोतं खाली ठेवलं. माझे हात घेतले, उलटे केले, नखांतलं काळं पाहिलं. ‘‘नळीला तोंड लावलंस?’’ ‘‘लावलं.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘चरबीमुळेच चाललं ते.’’ त्याने पोतं सोडलं, मासा शिजवायला घातला आणि डोकं, जे मानाने घरातल्या मोठ्याला वाढतात, ते माझ्या ताटात वाढलं. सासूबाई जेवायला बसलेल्या असताना, मामा.

ता.क. तीन. तिसरी मागणी मग वाचली. लोक तिसऱ्यांदा घोडा मागतात, मला माहीत आहे, तुम्हीही घोड्याचीच वाट बघत असाल. मला एक चाक पाठवा, नावेत जास्तीचं ठेवायला. सहा पाकळ्यांचं. पाठवण्याआधी एक पाकळी वाकवून दहापर्यंत मोजा.