चिमूटभर गवताचा आवाज

आबा, गेल्या ऑगस्टमध्ये नोव्हा स्कोशियात समुद्राकाठचं एक गोल्फचं मैदान बघायला गेलो होतो. तुम्ही छावणीतल्या ज्या मैदानावर माळी होतात, तिथे भोकाभोवती गवताऐवजी तेल पाजलेली वाळू असायची. तुम्ही तिला खळं म्हणायचात. इथे समुद्राने टाकलेल्या वाळूवर गवत आपसूक आलेलं. मैदान सांभाळणारी बाई साठीची, फटकळ. म्हणाली, "हे मैदान माझ्या आजोबांचं, पण त्यांनी काही आखलं नाही. वारा चुकवायला मेंढ्या जिथे बसायच्या, तिथले हे वाळूचे खड्डे." आणि वारा असा, की सकाळी एका फटक्यात पोचणारा चेंडू दुपारी तिनांतही पोचेना.

पण पाऊस नव्हता, मैदान पार करपलेलं. ग्वेल्फमध्ये माझा लॉनचा धंदा. सगळं उकरून नवं गवत अंथरायला तिथल्या क्लबच्या कमिटीने मला बोलावलेलं. "मेलंय ना?" अध्यक्षांनी विचारलं. मी हो म्हटलं असतं, तर अख्ख्या सीझनचं काम माझं आणि तिच्या आजोबांचं मैदान ट्रकात. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला तुमचा मे महिना आठवला. विशीतला मी, साहेबलोक खूश होतील म्हणून वाळल्या गवतावर पाइप धरून उभा, आणि मागून तुम्ही ओरडलात, "बंद कर! झोपलंय ते, कशाला उठवतोस?" मग चिमूटभर गवत माझ्या कानाशी धरून उपटलंत. "मेलेलं मुकाट्यानं येतं. जितं कुरकुरतं."

मी गुडघ्यावर बसतो. वाऱ्यात काही ऐकू येत नाही. बाई जॅकेट काढून आडोसा धरते. चिमूट ओढतो. कट्ट. दहा पावलांवर पुन्हा. कट्ट.

"झोपलंय," मी म्हणालो. "पाऊस येईतो हात लावू नका."

अध्यक्ष हसले, "स्वतःचंच काम घालवणारा कॉन्ट्रॅक्टर पहिल्यांदा बघतोय!"

"हे शिकवलं कुणी?" बाईने विचारलं.

"माय फादर वॉज अ माळी."

"मॉली? वडिलांचं नाव मॉली?"

मी हसत मान डोलावली. आता काय समजावणार!

सप्टेंबरात तिचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "हिरवं झालं रे! मॉलीला सांग!" म्हणून हा कागद घेतला, आबा. तुम्ही गेल्यावर आता पाठवायचा कुठे, ड्रॉवरमध्येच ठेवणार आहे. मुलांना मराठी वाचता येत नाही, हे एका परीनं बरंच. तुम्ही क्लबात मॅनेजर होतात, असं त्यांना मीच सांगून ठेवलंय.