शाईखालचा अर्ज

शनिवार, १४ फेब्रुवारी

वडिलांच्या पेटीतला उर्दू कागद परवा फाडून कोलाजमध्ये चिकटवला, वर निळी शाई ओतली. मला उर्दू येत नाही. अक्षरांचा पोत तेवढा आवडला.

आज शेजारचे रशीदचाचा चित्र पाहून हसले. "उल्टा चिपकाये की, बेटी."

मग मान वाकडी करून वाचू लागले. निजामाचं राज्य गेल्यावर कचेरीत मराठी आली, तेव्हाचा वडिलांचा अर्ज. मराठी लिहायला शिकेपर्यंत मुदत द्यावी म्हणून.

वडिलांना मराठी लिहिता येत नव्हतं? घरात तर मराठीच बोलायचे.

"पुढं काय लिहिलंय, चाचा?"

"आगे तो तुमारी स्याही है."

वीस वर्षं शेजारी आहेत. फाडण्याआधी कागद दाखवला असता तर? प्रदर्शनाला उद्या द्यायचंय. चित्र चांगलं झालंय, तेच खुपतं.