एक बोट जावं

आई,

तू आत्ता समोर असतीस तर आधी माझा हात ओढून घेतला असतास आणि विचारलं असतंस, हे काय बांधलंय मनगटाला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हे घड्याळ आहे. याला काटे नाहीत, चावी नाही, पट्टा काळ्या रबराचा आहे. पाठीवर एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि त्या उजेडात ते माझे नाडीचे ठोके मोजतं. ते ठोके फोनवरून पुण्याला तुझ्या नातीला दिसतात. तू तिला पाहिलं नाहीस, तू गेल्यानंतर ती झाली. यातलं काहीच तुला खोटं वाटलं नसतं, नव्या वस्तूला तू कधी बिचकली नाहीस. तू फक्त पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं असतंस.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात तू ड्यूटी संपवून थेट, दवाखान्यातल्या पांढऱ्या साडीतच, मला गुलमंडीवर घेऊन गेलीस. दुकानदारानं काचेखालून एक चावीचं घड्याळ काढलं, तपकिरी कातडी पट्ट्याचं. माझं मनगट इतकं बारीक की शेवटच्या भोकातही पट्टा लोंबत होता. त्यानं टोच्यानं नवं भोक पाडलं, पट्टा आवळला आणि म्हणाला, "बघा बाई, कसं फिट्ट बसलं." मला तर ते फार आवडलं होतं, आता हे कुठं जात नाही असं वाटलं होतं. तू माझा हात हातात घेतलास, मनगटाशी काहीतरी चाचपलंस आणि मग तुझं पहिलं बोट पट्ट्याखाली सरकवायला गेलीस. ते गेलं नाही. याच्या अलीकडं भोक पाडा, असं तू सांगितलंस. दुकानदार कुरकुरला, म्हणाला सैल राहिलं तर पोरगं पाडून येईल. तू आवाज न चढवता म्हणालीस, "एक बोट गेलं पाहिजे. दोन गेली तर पट्टा ढिला. अन् एकही नाय गेलं, तर यानं घड्याळ घातलेलं नाय, घड्याळानं याला धरलंय." त्यानं मुकाट्यानं दुसरं भोक पाडलं. त्या पट्ट्यावर शेवटपर्यंत ते एक वाया गेलेलं भोक होतं.

तुझं ते बोट सगळीकडं फिरायचं. शेजारच्या बाळाच्या कमरेचा काळा दोरा, माझ्या शाळेच्या चड्डीचा पट्टा, अण्णांच्या गुडघ्याची क्रेप पट्टी, सगळ्याखालून ते जाऊन यायचं. एकदा मी वॉर्डात तुझा डबा घेऊन आलो होतो. कन्नड तालुक्यातले एक म्हातारे खाटेवर बसले होते, हाताला लाकडी फळी लावलेली, आणि तू पट्टी बांधत होतीस. ते सारखे सांगत होते, "बाई, घट बांधा, लई घट बांधा, म्हंजी हाड लवकर जुळंल." तू पट्टीचं टोक खोवलंस, बोट घालून पाहिलंस आणि म्हणालीस, "काका, घट बांधून हाड जुळत नसतंय. बोटं तेवढी काळी पडत्यात. तुम्ही गायीला दावं बांधता तेव्हा गळ्याला जागा ठेवता का नाय?" ते हसायला लागले. म्हणाले, "व्हय, ठेवतो की." "मग स्वतःला गायीपेक्षा कमी समजू नका." मी डबा घेऊन तिथंच उभा होतो. घरी तू इतकी बोलत नसायचीस. मला त्या म्हाताऱ्यांचा जरा हेवाच वाटला होता.

पुढं शेंद्र्याच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात लागलो. तिथं भोक तपासायचं एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तरच माल पास. नवीन लागलेल्यांना समजावताना मी तुझं बोट सांगायचो, एक गेलं पाहिजे, दोन जाता कामा नयेत. ते हसायचे आणि विसरायचे नाहीत. मीही विसरलो नाही. इतकी वर्षं जे घड्याळ घातलं ते एक बोट जाईल असंच घातलं. पण ते हातावर कधी ठरलं नाही हेही खरं. हात खाली सोडला की घसरत घसरत पंज्याच्या सांध्यावर यायचं आणि चावी हाताच्या पाठीत रुतायची. तिथं माझ्या कातडीवर कायमचा एक लाल ठिपका होता. तुझी सून म्हणायची, "माझ्या बांगड्या परवडल्या, तुमचं घड्याळच जास्त वाजतं." मला वाटायचं, घड्याळ म्हटलं की एवढं चालायचंच.

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं. फार घाबरण्यासारखं नव्हतं, रक्तवाहिनीत एक बारीक जाळी बसवली आणि मला घरी सोडलं. आता बरा आहे, रोज सिडकोच्या बागेत फिरायला जातो. पण लेकीच्या मनातून ते गेलं नाही. तिनं हे घड्याळ आणून माझ्या हातात ठेवलं, फोनला जोडून दिलं आणि पुण्याला परत गेली. मी ते माझ्या सवयीनं घातलं, एक बोट जाईल असं. तेव्हापासून घरात शांतता राहिली नाही. चालताना घड्याळ हातावर नाचायचं आणि तिथं पुण्यात ठोके भलतेच वाढलेले दिसायचे. नाहीतर पंज्यावर घसरून बसायचं आणि तिच्या फोनवरची ठोक्यांची रेषाच तुटायची. एकदा मी मंडईत मेथीची जुडी निवडत होतो आणि तिचा फोन आला, "बाबा, खाली बसा. आहात तिथं बसा." भाजीवाली माझ्याकडं बघत राहिली. मी मेथी हातात धरून तिच्या रिकाम्या टोपल्यावर बसलो, कारण लेकीच्या आवाजात तसं काहीतरी होतं. आपल्याला चारचौघांत असं बसायची सवय नाही, तुला ठाऊक आहे.

मग एकदा रेषा बराच वेळ तुटलेली राहिली. फोन घरात होता, मी गच्चीवर टाकी धूत होतो आणि तुझी सून देवळात गेली होती. आम्ही दोघंही फोन उचलत नाही म्हटल्यावर लेक मिळेल त्या गाडीनं निघाली. अर्ध्या वाटेत तिच्या आईशी बोलणं झालं, तरी ती परत फिरली नाही. दारात आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती रागावली नाही. पायातली चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, ही रेषा तुटली ना की मला काम सुचत नाही. एकतर हे नीट घाला, नाहीतर तुम्ही दोघं पुण्याला चला. माझ्या इमारतीत एक घर रिकामं होतंय, मी विचारून ठेवलंय." मी तिला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. पण हो म्हणवेना. इथं अंगणात अण्णांनी लावलेलं सीताफळ आहे, बागेतली माझी माणसं आहेत, शहराचं नाव बदललं तरी रस्ते माझ्या पायांना पाठ आहेत. हे सोडायचं आणि तेही एका पट्ट्यापायी. मी म्हटलं, घालतो नीट.

मग मी पट्टा आवळून घातला. आई, तो काळ काही बरा गेला नाही. दोन दिवसांत पट्ट्याची नक्षी कातडीवर उठली. खाली घाम साचून खाज सुटायची. दुपारपर्यंत बोटं जड वाटायची आणि आपलाच ठोका पट्ट्याखाली आपल्याला लागत राहायचा, कुणीतरी दार वाजवत राहावं तसा. पैठण गेटला जाऊन कापडी पट्टा आणला. तिथल्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या मालकानं मला घड्याळ सैल करताना पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, ढीला पहने तो खाली घड़ी है, टाइट पहने तो डॉक्टर है. अब आप देख लो, क्या होना." मला हसू आलं, पण कापडी पट्टाही आवळलेलाच घालावा लागला. बोट घालून पाहायचो, जायचं नाही. दर वेळी तुझा आवाज यायचा, घड्याळानं याला धरलंय.

त्याच दिवसांत मला तुझं शेवटचं आजारपण फार आठवलं. तुझं ते कातडी पट्ट्याचं छोटं स्टीलचं घड्याळ तू पडून असतानाही काढलं नव्हतंस. एका दुपारी तुला मोसंबीचा रस पाजून झाला, तू डोळे मिटलेले, आणि मी सहज तुझ्या पट्ट्याखाली बोट घातलं. मग दुसरं गेलं. तिसरंही गेलं असतं. मी हात काढून घेतला. तुला जाग होती. तू म्हणालीस, "दोन जातायत ना?" मी म्हणालो, उद्या भोक पाडून आणतो. "नको," तू म्हणालीस. "चांगला पट्टा आहे, कशाला खराब करतोस. राहू दे ढिला." आणि माझं बोट तू पुन्हा पट्ट्याखाली नेऊन ठेवलंस, तिथंच. मी बराच वेळ तसाच बसलो होतो. ती दुपार आठवली की मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. का ते मला सांगता येणार नाही.

लेक पुढच्या महिन्यात पुन्हा आली, आमच्या जाण्याचं बोलायला. स्वयंपाकघरात तुझी सून धपाटे थापत होती, मी दह्याची वाटी घेऊन ओट्याशी बसलो होतो. लेकीनं माझ्या मनगटावरचे वळ पाहिले आणि तिचा चेहराच पडला. आपल्यामुळं झालं असं तिला वाटलं असणार. "हात द्या," ती म्हणाली. तिनं घड्याळ काढलं, कातडीवरून ओला हात फिरवला आणि माझ्या मनगटाच्या घडीवर स्वतःची दोन बोटं आडवी ठेवली. "खाली नाही बाबा. हे हाड आहे ना, याच्या वर घालायचं. घडीपासून दोन बोटं सोडून. तुम्ही हाडाखाली घालता आणि मग ते टिकावं म्हणून आवळता." मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. "डब्यातल्या कागदावर लिहिलंय. वाचला नाहीत ना?" तव्यापाशी उभी असलेली तुझी सून म्हणाली, "ते कशाला वाचतील कागद. त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं असतं."

आणि मी लेकीच्या त्या दोन आडव्या बोटांकडं बघत राहिलो. गुलमंडीच्या दुकानात पट्ट्याखाली बोट घालायच्या आधी तू माझ्या मनगटाशी काय चाचपत होतीस, ते मला समोर दिसलं. तू हेच केलं होतंस. आधी दोन बोटं आडवी ठेवून जागा पाहिलीस, घड्याळ हाडावरून वर सरकवलंस आणि मग एक बोट घातलंस. मी दुसरं तेवढं लक्षात ठेवलं, पहिलं सांगितलं नाहीस म्हणून दिसूनही दिसलं नाही. आता आठवतं तर सगळंच आठवतं. तुझं घड्याळ कायम हाडाच्या वर असायचं, तबकडी आतल्या बाजूला, पेशंटला उचलताना काच लागू नये म्हणून. तू खाटेची चादर ओढायचीस, हात कोपरापर्यंत धुवायचीस, कणीक मळायचीस, पण ते कधी पंज्यावर आलं नाही. वर हात जरा भरलेला असतो, पट्टा सैल असला तरी तिथून खाली येत नाही. एवढी साधी गोष्ट. लेकीनं तिथं पट्टा लावला आणि म्हणाली, बघा. मी बोट घातलं. एक गेलं. दुसरं गेलं नाही. हात झटकला, घड्याळ हललं नाही. तिच्या फोनवर रेषा लागली आणि तशीच चालत राहिली.

मग मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, दुकान, कन्नडचे म्हातारे, ती दुपारसुद्धा. एवढं मी कधी बोललो नव्हतो. धपाटा ताटात गार झाला, पण तुझी सून खा म्हणाली नाही. लेकीनं विचारलं आजीचं घड्याळ आहे का, तेव्हा मी कपाटातून डबा काढला. तिनं ते हाताला लावलं, दोन बोटं सोडून, तबकडी आत. चावी दिल्यावर जरा विचार करून ते चालू झालं. ती म्हणाली, "हे बरंय. हे कुणाला काही कळवत नाही." ते आता पुण्याला आहे, तिच्या हातावर. रिकाम्या घराचा विषय तिनं जाताना काढला नाही आणि त्यानंतरही काढलेला नाही. परवा फोनवर सीताफळं लागली का म्हणून विचारत होती.

माझं बरं चाललंय, आई. हाताच्या पाठीवरचा तो लाल ठिपका जाऊन आता काही दिवस झाले, कधी कधी मी अजून तिथं बघतो. हे कागद तुझ्या घड्याळाच्या रिकाम्या डब्यात ठेवीन, दुसरीकडं कुठं पाठवणार.

एक सांगायचं राहिलं. लिहायला बसलो तेव्हा हे घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. बोचत होतं म्हणून नाही, आता ते बोचत नाही. तुझ्याशी बोलताना ठोके कसे पडतात ते कुणी बघू नये असं वाटलं. रेषा केव्हाची तुटली असेल. आता तिचा फोन येईल, बाबा, इतका वेळ कुठं होतात. मी सांगेन, चार्जिंगला लावलं होतं.