कणगीतली कुदळ

देद्झा, १२ जून

लाडके अलिनाफे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. झोंबाला थंडी पडली असेल. स्वेटर अंगात घालत जा, पेटीत ठेवायला दिलेला नाही. इकडे सगळं ठीक. शेळीला दोन करडं झाली. एक जन्मल्यापासून बोंबलतंय, अगदी तुझ्यासारखं. मका भरपूर आला, कणगी गळ्यापर्यंत भरली.

तुझे बाबा सध्या दुरुस्त्यांच्या मागे लागलेत. दाराला नवी बिजागरी बसवली, खुराडं बांधलं, मागची भिंत लिंपली. शेजारीण म्हणते, "नशीब काढलंस बाई! माझा मेला खिळासुद्धा ठोकत नाही." मी हसून वेळ मारून नेली.

सगळं ठीक आहे असंच लिहायचं ठरवून बसले होते. पण नाही गं जमत. आपल्यात बायकोच्या गावी नांदायला आलेला पुरुष ते सोडून जाताना आधी घर धडधाकट करतो, मागून कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. रोज हातोड्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बघायला जाते.

झालं असं, कापणीच्या जेवणाला बाबा कौतुकाने म्हणाले, "माझी पोर शिक्षिका होणार!" तर तुझा वायसनमामा भर पंगतीत म्हणतो, "तुझी? कोंबडा उसना आणला म्हणून पिल्लं काय त्याची होतात? पोरं आमच्या घराण्याची. तू नांदायला आलायस, गप जेव." सगळे खो खो हसले. अलिनाफे, मीही हसले. दादापुढे तोंड उघडायची हिंमत नाही, म्हणून हसले. बाबांनी मक्याच्या न्सिमाचा घास तसाच खाली ठेवला आणि हात धुतले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात.

परवा त्यांनी चटई गुंडाळून ठेवली. मग कुदळ शोधायला लागले, नांदायला येताना आणलेली. ती घेतल्याशिवाय पुरुष निघत नाही. मी म्हटलं, "मला काय ठाऊक? तुमची कुदळ, तुम्ही सांभाळा!" धादांत खोटं. मीच ती कणगीत मक्याखाली लपवली होती. तेही धड जमलं नाही, घाईत दांड्याचं टोक वर राहिलं.

आणि आज ते कणगीचं छप्पर शाकारायला चढले! मी खाली चूल फुंकत होते, नजर मात्र शिडीवर. वर कणसांची खुडबुड ऐकू आली. मग उतरले, हात झटकले, म्हणाले, "भूक लागलीय. वाळलेली उसिपा मासळी आहे का?"

ते नदीवर गेल्यावर मी शिडी चढून पाहिलं. मक्यात हात घालून चाचपलं, कुदळ तिथेच होती. टोक मात्र दिसत नव्हतं. वर कणसं नीट रचून ठेवली होती.

पण रविवारी बैठक आहे. बाबांचा भाऊ येईल, मामा येईल, संसार ठेवायचा की मोडायचा ते ठरेल. मामाने पुन्हा कोंबडा काढला तर कुदळ बाबांना थांबवणार नाही. पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, शनिवारी ये. पोरींनी बैठकीत बोलायचं नसतं. नकोच बोलूस. नुसती बाबांच्या चटईवर त्यांना लागून बस. बोलायचं ते मी बोलेन. या वेळी मी हसणार नाही.

तुझी आई,
आणि तुझ्या बाबांची बायको