गाऱ्हाण्यानंतर भाषण करू नये

ती. बाळादादास,

गुणवंतीचा वाकून नमस्कार. तुझी साखर आटोक्यात आहे ना? वहिनींना सांग, कोकमे पाठवली आहेत, ती शेजारीपाजारी वाटून संपवू नयेत.

आमच्या विद्यापीठाची शाश्वत व्यवसाय व्यवस्थापन संस्था आपल्या गावात व्हावी म्हणून मी किती भांडले, हे तुला ठाऊक आहे (तुझ्या डोंबिवलीच्या घरीही त्यावर बोलले होते, तेव्हा तुला झोप लागली). धंदा जरूर करा, पण खाडीत मासा आणि डोंगरावर माती राहील असा करा, हे आपल्या पोरांना आपल्याच मातीत शिकवायचे. कारखानदाराने नदीत घाण सोडायची आणि वर्षातून एकदा रोप लावून फोटो काढायचा, याला मी व्यवस्थापन म्हणत नाही. मार्चअखेर पाया दिसला नाही, तर मंजुरी दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. मी उभी असताना ती जाणार नाही.

तर गेल्या सोमवारी गावच्या राईत भूमिपूजन झाले. आधी सदू गुरवाने गाऱ्हाणे घातले. तो देवाला एकेक गोष्ट सांगे आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणे. मग मी बोलायला उठले. दादा, गाव अजून गाऱ्हाण्यातच होता. मी म्हटले, "ही संस्था आपली आहे!" गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" इतकी वर्षे मी सभा गाजवते आहे, पण प्रत्येक वाक्याला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता (महाविद्यालयात तर पोरे घड्याळ बघतात). माझा आवाज चढला, हात वर गेला आणि मी गरजले, "इथल्या एकाही झाडाला कुऱ्हाड लागणार नाही!" गावाने एवढ्या मोठ्याने होकार दिला की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकली. कुलगुरूंनीही टाळ्या वाजवल्या. इमारतीच्या आराखड्यात नेमके मधोमध तीन फणस, दोन रायवळ आंबे आणि एक जुना किंजळ उभा होता, हे त्या क्षणी त्यांच्याही ध्यानात नव्हते.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार ओमकार जेसीबी घेऊन आला, तर फणसाखाली चिमाकाकू पानाचा डबा उघडून बसलेली. मी समजूत घालायला गेले.

"बाय, तू बोललीस नि आमी व्हय म्हटलाव," ती म्हणाली. "आता म्हाराजाला काय सांगू? बाईंची जीभ घसरली?"

"काकू, ते भाषण होते!"

"मग गाऱ्हाण्याआधी करायचास!"

तिचे म्हणणे बरोबर होते (हे कोणाला सांगू नकोस). शाश्वत विकास शिकवणारी संस्था फणस तोडून उभी राहिली, तर पहिल्याच तासाला मी फळ्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? वास्तुरचनाकार चिराग सगळी झाडे वाचवून नवा आराखडा घेऊन आला. त्यात फणस संचालकांच्या खोलीतून वर जात होता. संचालक मीच. पावसाळ्यात वरून पंधरा किलोंचा फणस आला, तर संस्थेला दुसरा संचालक शोधावा लागेल, म्हणून तो आराखडा मी फेटाळला.

पण मी हरलेली नाही. झाडे राहतील आणि संस्थाही होईल. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझी,
गुणवंती

ता. क. राईच्या वरच्या अंगाला आपला वडिलोपार्जित कातळ आहे. त्यावर एकही झाड नाही. तू तो चिरेखाणीला द्यायला निघाला आहेस, असे कानावर आले. देऊ नकोस. संस्थेला दे. कुलगुरू तयार आहेत आणि संस्थेचा फलक कालच तिथे लावला आहे. फार देखणा दिसतो.

ता. क. २ "बाईमाणसाला कातळ कशाला हवा" म्हणत तू गणपतीत हक्कसोडपत्र घेऊन आला होतास. त्यावर मी तासभर बोलले, मग तुझी गाडी सुटायची वेळ झाली आणि माझी सही राहिली. म्हणजे अर्धा कातळ अजून माझा आहे. चिरागने मोजून पाहिले, माझ्या अर्ध्यात सगळे वर्ग बसतात. जिना तेवढा तुझ्या अर्ध्यात उतरतो. पोरांनी वरच्या मजल्यावरून खाली कसे यायचे, एवढेच उलट टपाली कळव.