धुळाजीला फिल्मचा डबा मिळू नये म्हणून

मी, बद्रीनाथ अर्जुनराव देशमुख, वय वर्षे एकोणसाठ, धंदा शेती, राहणार घाटनांदूर, दमा सोडला तर शरीराने आणि धुळाजी सोडला तर मनाने स्वस्थ असून, नशापाणी न करता व कोणाच्या भिडेला न पडता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो, ते असे:

१. राहते घर व विहिरीकडील जमीन माझी पत्नी वच्छलाबाई हिला. तिच्या हयातीत कोणी हरकत घेऊ नये. रस्त्याकडचे शेत धाकटा भाऊ आप्पा यास.

२. काचेच्या बाटल्या, पितळी पिचकारी, हुक्क्याची नळी व सायकलचे चाक, म्हणजे माझी सगळी प्रयोगशाळा, तीही आप्पालाच. ‘स्मशानातला डाक्तर’ हा मूक चित्रपट काढण्यासाठी मी नदीकाठचे शेत विकले, तेव्हा त्याने मला गावभर वेडा म्हटले. त्यात मी वेड्या शास्त्रज्ञाचेच काम केले हे खरे, पण आप्पा कामाबद्दल बोलत नव्हता. बाटल्या त्याने रोज पुसाव्यात.

३. फिल्मचा डबा. गोष्ट भयाची होती. मी मुडद्यात जीव घालतो आणि तो उठून माझाच गळा धरतो. मुडदा म्हणून आमचा मेंढपाळ धुळाजी घेतला, कारण त्याला पडून राहण्याची सवय. तोंडाला पावडर नव्हती, म्हणून मीच ज्वारीचे पीठ थापले. कपिलधारच्या कड्याखाली चित्र घेताना त्याची मेंढरे आली आणि मुडद्याचे तोंड चाटू लागली. हलायचे नाही असे बजावले होते, म्हणून हा निपचित पडून म्हणतो, "सरक की बे, मी मेलोय!" पुण्याचा फोटोवाला हसत हसत यंत्राचा दांडा फिरवीत राहिला. फिल्म तिथेच संपली. दुसरी मिळेना, तेव्हा तेच ठेवावे लागले.

बाजाराच्या दिवशी तंबूत खेळ लावला. पडद्यावर मी डोळे वटारले, केस पिंजारले. कोणाला काही नाही. मेंढरे आली आणि तंबू हसून गडबडा लोळला. तेही सोसले असते. पण बायकांच्या बाजूला वच्छला पदर तोंडात कोंबून हसत होती. आमची लेक सुंदर पटकीच्या साथीत गेल्यापासून सहा वर्षे ती हसली नव्हती. तिने हसावे म्हणून मी काय काय केले नव्हते! आणि हा गडी पीठ फासून नुसता पडला.

घरी विचारले, "काहून हसलीस?"

"तुमचं बी चांगलं व्हतं," म्हणाली.

मी जळलो, आजही जळतो. फिल्ममधला मेंढरांचा तुकडा कापायला दोनदा कात्री घेतली. दोन्ही वेळा तिचे हसणे आठवले आणि कात्री ठेवून दिली. सबब डबा वच्छलाबाईस. तिने वाटेल तेव्हा पाहावा. पाहताना धुळाजीला बोलावू नये.

४. माझी तिरडी साधी बांधावी. मुडद्याचे काम या खेपेस माझे आहे. धुळाजीने खांदा द्यावा, पण मागून. पुढे चालला तर लोक त्यालाच पाहतील. वच्छलाने त्या दिवशी माझ्याकडे पाहावे. हसू आले तर दाबू नये.

मुक्काम घाटनांदूर, ता. ९ बहमन, फसली सन १३४२.

सही: बद्रीनाथ अर्जुनराव देशमुख

साक्षीदार:
१. म्हाळू राधाकिशन, सही दस्तुरखुद्द.
२. धुळाजी सटवा, मेंढपाळ, अंगठा डाव्या हाताचा. दुसरा माणूस वेळेवर मिळाला नाही. मजकूर वाचून दाखवला. ऐकता ऐकता हा ढसाढसा रडला. मला दम्याची ढास लागली होती. वच्छला पाणी घेऊन आली, ते तिने आधी त्याला दिले.