सतरा नंबरचा पिंजरा

४ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद. पत्र कामाचं आहे, म्हणून तब्येतीची रड शेवटी.

तुझी भाची गोटी आता बारा पूर्ण करील. तुझ्या भावाने आणि सूनबाईने तिला पार शेफारून ठेवलंय. मी त्यांना यादी करून दिली आहे: एक वर्ष मामाकडे, एक तुझ्याकडे, एक मावशीकडे, मग वसतिगृह. तुझंही मी असंच केलं होतं. चार ठिकाणं फिरलीस म्हणून तर स्वतःच्या पायावर उभी राहिलीस. एका जागी लळा लागला की पोरं अभ्यासातून उठतात. मामा यंदा घर बदलतोय, तेव्हा पहिलं वर्ष तुझं. नाही म्हणू नकोस. तुझ्याकडे उंदरांखेरीज आहे कोण?

गुडघे कुरकुरतात. मी लक्ष देत नाही.
लोभ आहेच, तो लिहून दाखवायची गरज नाही.
आई

१३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. उंदरांची तब्येत उत्तम आहे, तू विचारली नसलीस तरी.

गोटीला एका वर्षापुरती मी ठेवून घेणार नाही. कारण सांगते. प्रयोगशाळेत आम्ही सध्या वयात येणारे उंदीर बघतो. पिल्लू महिन्याचं झालं की त्याला रोज तासभर डब्यात एकटं ठेवायचं आणि परत सोडायचं ते वेगळ्या पिंजऱ्यात, नव्या जोडीदाराजवळ. पंधरा दिवस हेच. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. वेळापत्रक भिंतीवर, हात माझे. हे उंदीर मोठे झाल्यावर अनोळखी उंदीर जवळ असला की खाण्याला तोंड लावत नाहीत. जरा दचकले की रक्तात ताणाचं हार्मोन चढतं, ते इतरांसारखं लवकर उतरत नाही. दचकायचं कारण संपलेलं असतं, तरी उतरत नाही.

मला माझी चार ठिकाणं आठवली. गोटी आली तर शिक्षण संपेपर्यंत राहील. नाहीतर तिला आईबापांजवळच राहू दे.

पुढच्या महिन्यात चार दिवस तिकडे आले तर चालेल का? कळव.
लोभ असेल तेवढा असू दे.
ताई

२० मार्च

चि. ताईस,
आ. चार दिवस आलीस तर चालेल.

बाकीचं पत्र वाचून हसू आलं. पोटच्या मुलीने आईला उंदरांच्या वेळापत्रकात नेऊन बसवलं! तुझे वडील गेले तेव्हा मी सकाळी शाळा आणि दुपारी शिकवण्या करत होते. भाऊ लहान म्हणून जवळ राहिला, तू शहाणी म्हणून बाहेर गेलीस. तुला कुणी मारलं? उपाशी ठेवलं? उंदरांना मार्कशीट नसते. तुझी माझ्याकडे आहे. गणितात अठ्ठ्याण्णव.

गोटीची बॅग भरायला सांगितली आहे. तू नाही तर तिची मावशी.
राग मानू नकोस, मानलास तरी कळव.
आई

२९ मार्च

ती. आईस,
सा. न. ते अठ्ठ्याण्णव काकूकडे असताना मिळाले. त्या वर्षभरात मी तिच्याकडे दुसरी पोळी एकदाही मागितली नाही. हे मार्कशीटवर येत नाही.

आता माझी बातमी ऐक. सतरा नंबरच्या पिंजऱ्यात दोन माद्या होत्या. पहिल्याच दिवशी एकमेकींच्या अंगावर माना टाकून झोपल्या. मी त्यांना हलवलंच नाही. ना डबा, ना नवी जोडीदारीण. जानेवारीतले ते पंधरा दिवस नोंदवहीत रोज 'पिंजरा बदलला' असं लिहिलं. बावीस वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद. आता त्या मोठ्या झाल्या, या आठवड्यात रक्ताचे निकाल आले. त्या दोघींचं हार्मोन बाकीच्या त्रास न दिलेल्या उंदरांइतकंच वेळेवर उतरलं. सरांनी विचारलं, मी कबूल केलं. त्यांनी खोलीची किल्ली काढून घेतली. त्यांचं बरोबर आहे, प्रयोग मी बिघडवला. आता सामानाच्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवते.

माझ्या वेळी कुणी एखादं वर्ष मला हलवायला विसरलं असतं तर, एवढंच मनात येतं. गोटीच्या यादीत तू तेवढी चूक कर.
लोभाचं तू बघ.
ताई

७ एप्रिल

चि. ताईस,
आ. गोटीची बॅग रिकामी करायला लावली. सूनबाईला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. वाटू दे. यादी फाडली नाही, पण पुन्हा काढणारही नाही.

सोळाव्या वर्षी तू घरी परत आलीस तेव्हा पाणी प्यायच्या आधी विचारलंस, घेऊ का. कपडे कोणत्या खणात ठेवू, तेही विचारलंस. मी शेजारणींना कौतुकाने सांगितलं, पोरीला काय वळण लागलंय! तीस वर्षं तेच सांगत आले.

माफी मागणार नाही. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं. आणि माफीने तुझं काही उतरेल, असं तुझे उंदीर म्हणत नाहीत.

दरवेळी तू विचारतेस, आले तर चालेल का. दरवेळी मी लिहिते, चालेल. जन्मभर शाळेत मुलांची उत्तरं तपासली, हे माझं उत्तर तपासलं नाही.

मागच्या पत्रात तू विचारलंच नाहीस. तीनदा वाचलं, कागदाची मागची बाजूही पाहिली.

आज सात तारीख, तुझा 'पुढचा महिना' लागून आठवडा झाला. कपाटाचा खालचा खण रिकामा केला आहे. तो तुझाच होता, तेव्हा सांगायचं राहिलं.
आई